पाचवीचं मागणं

आमच्या गावात माझ्या आजोबांच्या दिलदारपणाची गोष्ट अजून सांगतात. मोहनराव पाटलांनी निजामाच्या राज्यात, असलं काही कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं तेव्हा, मांगवाड्यातल्या बाईला आपल्या भिंतीला लागून असलेलं घर दिलं. एका शब्दात दिलं. सांगणारे हात जोडतात, ऐकणारे माना डोलावतात, आणि मी समोर असले तर ही त्यांचीच नात म्हणून माझ्याकडे कौतुकानं बघतात.

ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो दिवस माझ्या पाचवीचा होता. घर कसं दिलं ते माझ्या आईनं बाजेवर पडून डोळ्यांनी बघितलं होतं, आणि मी जाणती झाल्यावर मला सांगितलं होतं. आता आई नाही, आजोबाही नाहीत. तेव्हा मीच सांगते.

आमचं गाव सिरसाळ्याहून बैलगाडीनं निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचावं इतकं जवळ. गावातली घरं माळवदाची, सपाट छपराची. खाली लाकडं आणि वर जुन्या गढीच्या ढिगाऱ्यातली पांढरी माती. एकाचं माळवद दुसऱ्याला चिकटलेलं. उन्हाळ्यात बायका कुरडया वाळत घालायला एका टोकाला चढल्या की पार दुसऱ्या टोकापर्यंत गप्पा मारून यायच्या, खाली उतरायचं काम नाही. गावाचं हे सुख होतं आणि दुखणंही हेच होतं. छपराला छप्पर लागलं म्हणजे माणसाला माणूस लागलं, असं सगळे धरून चालायचे.

मांगवाडा ओढ्यापलीकडे. तिथं माळवद घालायचं नाही, गवतच घालायचं, असा रिवाज होता. पांढरी माती गावाची, ती त्यांना मिळायची नाही. कुणी मागायला आलं तर आजोबा म्हणायचे, "पांढरी तुमच्या डोक्यावर आली तर आमच्या डोक्यावर काय ऱ्हाईल बे?" आणि सगळी चावडी हसायची.

मी जन्मले त्या वैशाखात मांगवाडा जळाला. कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी वाऱ्यानं उचलली आणि भर दुपारी बघता बघता सगळी छपरं खाली बसली. गावानं माळवदांवर उभं राहून आग बघितली. त्यांच्या पायाखालची माती काही जळणारी नव्हती. माणसं वाचली, पण घर एकाचंही राहिलं नाही. सगळी ओढ्याकाठच्या कडुलिंबांना गोधड्या बांधून राहायला लागली. त्यांत गावची सुईण बायनाबाई होती, तिची एकुलती एक लेक छबू होती आणि छबूचा नवरा सटवा होता. छबूचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले.

आमच्या शेजारी सरस्वतीबाई राहायच्या. विधवा बाई, तोंडानं फटकळ. त्यांची घरं दोन. एकात त्या राहायच्या. दुसरं, आमच्या भिंतीला भिंत असलेलं, मुलगा परळीला व्यापाराला गेल्यापासून कुलपात होतं. आग विझली त्या संध्याकाळीच त्यांनी बायनाला सांगितलं, "छबीला हितं आन. पोर उन्हात बाळंत व्हायची न्हाई."

आजोबांना कळलं तसे ते त्यांच्या दारात गेले.

"घर माझं हाय पाटील," सरस्वतीबाई म्हणाल्या. "भिंत माझी, तुळई माझी. मी कुणाला बी ठिवीन."

"घर तुमचंच हाय सरस्वतीबाई. पर माळवद गावाचं हाय. त्याच्यावर आमच्या बायका वाळवण घालत्यात."

"मंग घालू नका चार दीस. पोरीला लई ऊन लागतंय हो."

"त्यांच्या बाया रानात बी बाळंत व्हत्यात," आजोबा म्हणाले आणि माघारी फिरले.

सरस्वतीबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या चावडीवर गेल्या. बाई चावडीवर आली म्हणून पुरुषांनी माना फिरवल्या. मग त्या गाडी जुंपून तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या रूमी टोपीवाल्या साहेबानं सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि म्हणाला, "गांव का रिवाज गांव जाने." मग त्या घरोघर फिरल्या. बायका आत चुलीपाशी हो म्हणायच्या आणि दारात नवरा दिसला की झाडलोट करायला लागायच्या. सरस्वतीबाई परत येऊन आईपाशी रडल्या. आई तेव्हा माझ्या वेळची अवघडलेली होती. आजीच्या धाकात राहणारी बाई, ती काय करणार? पण तिच्या डोक्यात तो विषय तिथूनच बसला.

मग आईच्या पोटात दुखायला लागलं आणि बायनाला बोलावणं गेलं.

एरवी जिची सावली चालत नव्हती ती बायना बाळंतपणात आमच्या आतल्या खोलीत येऊन राहायची. बाळंतपणानं घराला सोयर लागतं, घरच विटाळलेलं असतं, मग तिचा वेगळा विटाळ कुठून होणार? बाराव्या दिवशी घर सारवलं की ती परत ओढ्यापलीकडची. असा सगळा सोयीचा कारभार. त्यातही एक नेम होता. पाचवी पुजेपर्यंत सुइणीनं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. ज्या हातानं एक नाळ कापली त्याच हातानं पाचवीच्या आत दुसरी कापली तर पहिल्या लेकराचं आयुष्य दुसऱ्याकडे जातं, असं आमच्याकडे पक्कं मानायचे. बायनाही मानायची.

माझा जन्म अवघड झाला. मी बाहेर आले, पण आईची वार काही पडेना. बायनानं घटका-दीड घटका आईचं पोट हातांनी दाबत, चोळत, तिच्याशी बोलत ती सोडवली. आई म्हणायची, त्या बाईनं मला मरणाच्या दारातून ओढून परत आणलं.

त्याच दिवशी सरस्वतीबाई बाळंतिणीला बघायला आल्या आणि आईच्या बाजेपाशी बसून हळूच म्हणाल्या, "वत्सला, पाचवीला सुईण मागती ते नाकारता येत न्हाई. व्हय ना?"

खरं होतं. पूजा झाली की घरचा कर्ता उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणायचा, "माग." सुईण मागायची: लुगडं, पायलीभर ज्वारी, फार तर एखादी शेळी. मागेल ते द्यायचं. नाही म्हटलं तर ते लेकराच्या जिवावर येतं. आजोबा काही देवाला भिणारे नव्हते, पण या एका गोष्टीला भ्यायचे. माझ्या आधीची माझी दोन भावंडं पाचवीच्या आतच गेली होती.

आईनं बायनाकडे बघितलं. बायना मला तेल लावत होती. तिचे हात थांबले.

"घर मागू व्हय?" ती म्हणाली. "पाटलाला?"

"माझ्या घराची किल्ली मी देतेच हाय," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तू फकस्त पाटलाचा हो मागून घे. समद्या बायकांम्होरं."

बायनानं तेलाची वाटी बाजूला सारली. मग मला छातीशी धरून म्हणाली, "पाचवीपतुर ह्या लेकराला डोळ्यात तेल घालून जपते मी. छबीला अजून टाईम हाय. अमावशेपतुर न्हाई व्हायची."

सुइणीचा अंदाज चुकला तो स्वतःच्याच लेकीच्या बाबतीत. चौथ्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, सटवा मागच्या दाराशी आला. घामानं निथळत होता. उन्हाचा ताप की आगीची धास्ती, कोण जाणे, पण छबूच्या कळा सुरू झाल्या होत्या.

आई बाजेवरूनच ओरडली, "बायना, तू जा! आत्ताच्या आत्ता जा!"

आजी खोलीच्या आतल्या दारात येऊन उभी राहिली. भिवराबाई पाटलीण. तिचा आवाज कधी चढायचा नाही.

"जा की," ती म्हणाली. "तुला धरलंय कुणी? पर उंबरा वलांडलास की पाचवी मोडली. मंग पूजा न्हाई अन मागणं बी न्हाई. अन ह्या लेकराला काय झालं तर ते तुझ्या माथी."

आजीला मी नुसती राक्षसीण ठरवत नाही. दोन नातवंडं तिनं स्वतःच्या मांडीवर गेलेली बघितली होती, आणि ती घाबरलेली होती, हे खरं आहे. पण घाबरलेलं माणूस दुसऱ्याचं काय काय करून बसतं, तेही खरं आहे.

बायना मागच्या दारापाशी गेली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली. सटवा बाहेर खालमानेनं उभा.

"कळा कवापास्नं हायत?"

"सकाळपास्नं."

"छबी काय म्हनती?"

सटवानं डोळे पुसले. "सरस्वतीबाईनं तिला घराचं सांगितलंय. ती म्हनती, मायला येऊ देऊ नगस. घर घिऊनच ये म्हनावं. मी दम धरते म्हनती."

बायना उंबऱ्याकडे बघत राहिली. आईला वाटलं, जाईल, आता जाईल. तिनं एक पाय उचललाही होता म्हणे. मग ती मागे सरली आणि सटवाला भराभर सांगायला लागली: पाणी तापव, चुलतीला बोलाव, सावली बघून निजव, आणि काही अडलं, जरा जरी अडलं, तर मला सांगायला ये, मग मी पाचवी बघणार न्हाई की पाटील बघणार न्हाई. सटवा पळाला. आजीनं मागच्या दाराला आतून कडी घातली आणि बाहेरच्या अंगाला गडी बसवला.

ही कडीची गोष्ट आईला तेव्हा साधी वाटली. उन्हाची झळ नको म्हणून लावली असेल, असं तिला वाटलं.

सटवा परत आला होता, हे आईला मागाहून कळलं. दिवस कलायच्या आत आला होता. मागच्या दाराला गडी बघून तो मोठ्या दाराशी गेला. तिथं आजी भेटली. त्यानं सांगितलं, पोर झालं, पोरगी हाय, पर वार पडंना, रगत थांबंना, माझ्या सासूला पाठवा, पाया पडतो. आजी म्हणाली, "सांगते." तो अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिला. आजी आत गेली आणि देवापाशी बसली. आतल्या खोलीत बायना मला मांडीवर घेऊन होती. माझ्या आईची अडकलेली वार जिनं सोडवली ती बाई चार भिंतींपलीकडे होती. आजीनं तिला काहीच सांगितलं नाही.

पाचवीच्या दिवशी उजाडता उजाडता छबू गेली.

ते सांगायलाही सटवा आला. आजीनं ऐकलं, आजोबांना सांगितलं, आणि दोघांनी ठरवलं की पूजा होईपर्यंत हे आत जाऊ द्यायचं नाही. पाचवीच्या दिवशी घरात रडारड नको. सटवाला वाड्याबाहेर काढून दिलं.

आत बायना सकाळपासून हुरूपानं तयारीला लागली होती. जागा सारवली, पाटा मांडला, त्यावर नाळ कापलेला विळा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, ज्वारीच्या कण्या शिजवल्या. मध्येच आईला म्हणाली, "काल सटवा माघारी आला न्हाई. म्हंजी समदं नीट झालं आसंल. नातू असंल का नात?" आई म्हणाली, "नात." दोघी हसल्या. आई हे सांगायची तेव्हा तिला पुढं बोलता यायचं नाही. मी पाणी आणून द्यायची.

बायका जमल्या. सरस्वतीबाई किल्ली कनवटीला लावून आल्या. पूजा झाली. मला पाट्यापुढं ठेवून उचललं. आजोबा उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले.

"माग," ते म्हणाले.

बायनानं पदर दोन्ही हातांनी पसरला. ती म्हणाली, "मालक, मला लुगडं नगं, ज्वारी नगं. सरस्वतीबाईचं घर रिकामं हाय. तिथं माझ्या छबीला ऱ्हाऊ द्या. तुमी हो म्हना."

आई बाजेवर उठून बसली. तिला वाटलं होतं, आजोबा भडकतील, पाय आपटतील, दुसरं माग म्हणतील. त्यांनी एकदा आजीकडे बघितलं. आजीनं मान खाली घातली. मग आजोबा म्हणाले, "दिलं."

इतकंच. कसला राग नाही, कसली अट नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला, की पाटील किती मोठ्या मनाचा. गावात जी गोष्ट सांगतात ती इथं संपते. हात जोडतात ते इथंच.

त्यांना हे घर द्यायला काही पडत नव्हतं. जिच्यासाठी मागितलं ती कडुलिंबाखाली गोधडीत गुंडाळलेली होती आणि हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांचा शब्द इतका सहज निघाला. माझे सख्खे आजोबा होते ते. मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली आहे त्यांनी. तरी मी त्यांना या एका शब्दाची माफी देऊ शकलेले नाही.

बायनानं सरस्वतीबाईंच्या हातातून किल्ली घेतली, मला आईच्या कुशीत ठेवलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि मागच्या दारानं धावत सुटली. पायांत काही नाही, वैशाखाची तापलेली वाट. आईनं सांगितलं, धावताना ती हसत होती.

सरस्वतीबाई तिच्या मागोमाग गेल्या. त्यांनी पुढचं बघितलं, पण ते त्या कुणालाही कधी बोलल्या नाहीत.

संध्याकाळी आजोबांचा निरोप गेला: मागणं छबीसाठी होतं, छबी राहिली नाही, तेव्हा दिलेला शब्दही संपला. पण निरोप पोचायच्या आधीच सरस्वतीबाईंनी बायनाला आणि तिच्या हातातल्या त्या एका दिवसाच्या पोरीला घरात आणून बसवलं होतं. निरोप घेऊन आलेल्या गड्याला त्या दारातून म्हणाल्या, "पाटलाला सांग, घरात ओलं लेकरू हाय. सोयर हाय. बाराव्याच्या आत लेकराचं हातरूण हालवत न्हाईत. गावाचाच रिवाज हाय, त्येंनी मला लई डाव ऐकिवलाय."

बारावा दिवस यायच्या आत मांगवाड्यातली दुसरी दिवस भरलेली बाई तिथं आणून ठेवली. तिचा बारावा व्हायच्या आत तिसरी आली. ते घर सोयरातून सुटलंच नाही. आजोबा चावडीवर धुसफुसत राहिले, पण सोयराच्या घरातून बाळंतिणीला बाहेर काढा, असं म्हणायची छाती कुणाची झाली नाही. काही वर्षांनी बायनाला घर दिल्याची गोष्ट लोक कौतुकानं सांगायला लागले, तेव्हा आजोबांनीही ती ऐकून घेतली, नाही म्हटलं नाही. मांगवाड्यावर मात्र गवतच राहिलं. पांढरी माती पोचली ती निजाम गेल्यानंतर.

त्या पोरीचं नाव बायनानं छबूच ठेवलं. तिला ओढ्यापलीकडच्या बाळंतिणींनी आळीपाळीनं पाजलं. पहिले काही दिवस ती भिंतीपलीकडे भुकेनं रडायची ते माझ्या आईला ऐकू यायचं. आईला पान्हा फुटायचा, लुगडं भिजायचं. मध्ये एक भिंत होती. आई उठली नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारात, आणि सांगून भिंतीकडे तोंड केलं.

बायना त्या घरात कधी निजली नाही. बाळंतिणींना आत ठेवायची आणि स्वतः ओट्यावर पडायची. मी तिला बाहेरच बघत आले. मी समोरून गेले की हाक मारायची, हनुवटी धरून बघायची आणि म्हणायची, "वाढलीस गं." एवढंच.

मी माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा ती थकलेली होती, तरी तीच आली. घटका भरत आली तेव्हाच मी सांगितलं, मागच्या दाराला कडी लागणार नाही आणि बायनामायला कुणी अडवणार नाही. दार पाचही दिवस सताड उघडं होतं. ती बाहेर गेली नाही. त्या दाराशी पाठ टेकून बसायची, उजेडात माझ्या मुलाची लंगोटी बदलायची आणि मधूनच ओढ्याकडे बघायची.

पाचवीची पूजा झाली. आजोबा, वडील, दोघेही आता हयात नव्हते. मी म्हटलं, आता घरची कर्ती मीच. मी तिच्यापुढे बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "माय, माग. काय बी माग."

तिनं हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे बघून थोडं हसल्यासारखं केलं.

"काय मागू बाई? मला घर मागायचंच नव्हतं. घटकाभर जाऊ द्या, एवढंच मागायचं होतं. ते मागायचं होतं चवथ्या दिशी." तिनं उघड्या दाराकडे बघितलं. "चवथ्या दिशी कुनी माग म्हनत न्हाई."